रेवतीचा मुहूर्त आणि कृष्णविवर

मराठी मंडळांच्या व्यासपीठांवरून आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांतून अलीकडे एक युक्तिवाद वारंवार कानी येतो. आइन्स्टाइनने १९१५ साली जे सांगितले ते आमच्या पुराणकारांना पूर्वीच अवगत होते, असा तो युक्तिवाद. त्याच्या पुष्ट्यर्थ रेवतीची कथा सांगण्यात येते. दिल्लीच्या नैर्ऋत्येस वसलेल्या द्वारका उपनगरातील मराठी कुटुंबांना ही कथा विशेष जवळची वाटावी, कारण ती ज्या नगरीचे नाव या वस्तीने घेतले त्या मूळ द्वारकेचीच कथा आहे.

भागवत आणि विष्णुपुराण यांतील तपशील एकत्र केले तर कथा अशी. कुशस्थलीचा राजा ककुद्मी आपली कन्या रेवती हिला घेऊन ब्रह्मलोकी गेला. तिला अनुरूप वर कोणता, हे त्याला ब्रह्मदेवास विचारावयाचे होते. तेथे हाहा आणि हूहू या गंधर्वांचे गायन चालले होते, म्हणून तो थांबला. गायन संपल्यावर त्याने आपल्या मनातील वरांविषयी विचारले, तेव्हा ब्रह्मदेव हसला. तेवढ्या अवधीत पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे लोटली होती. ते वर, त्यांचे पुत्र, पौत्र, इतकेच नव्हे तर त्यांची गोत्रेही आता कोणाच्या कानावर येत नव्हती. राजा परतला तो त्याची कुशस्थली द्वारका होऊन बसलेली. रेवती बलरामाला दिली गेली. परंतु ती जुन्या युगातली, सबब फार उंच. बलरामाने नांगराच्या टोकाने तिला खाली ओढून आपल्या काळाच्या मापाची केली.

कथा अपूर्व आहे, यात शंका नाही. मात्र तिला सापेक्षतेची साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात उभी केली की दोन्हींकडून नुकसान होते. विज्ञान पाठांतराचा विषय बनते आणि कथा कथा राहत नाही. आमच्या मुलांना आम्ही काय देणार, असा हा प्रश्न आहे. काळ सर्वत्र सारखा वाहत नाही, ही कल्पना मराठी साहित्याने कशी हाताळली आणि कशी हाताळावयास हवी, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे योजिले आहे.

सिद्धान्ताचा गाभा प्रथम सांगितला पाहिजे, कारण त्यावाचून तुलना संभवत नाही. न्यूटनच्या मते पृथ्वी सफरचंदाला ओढते. आइन्स्टाइनने २५ नोव्हेंबर १९१५ रोजी बर्लिनच्या अकादमीपुढे जी समीकरणे मांडली त्यांत ओढणारा कोणी नाही. अवकाश आणि काळ मिळून एकच पट आहे. वस्तुमान आणि ऊर्जा त्या पटास वक्रता देतात. आणि मोकळी सोडलेली वस्तू त्या वक्र पटावर शक्य तितक्या सरळ वाटेने जाते. द्वारकेच्या शेजारच्या विमानतळावरून अमेरिकेस निघालेल्या विमानाचा जवळचा मार्ग भिंतीवरील सपाट नकाशात उत्तरेकडे वाकलेला दिसतो. उत्तर ध्रुव विमानाला ओढतो असे कोणी म्हणत नाही. पृथ्वी गोल आणि नकाशा सपाट, एवढेच त्याचे कारण. गुरुत्वाचेही तसेच आहे. फरक इतकाच की येथे वक्रता केवळ अवकाशाची नव्हे, तर आपल्या नित्याच्या अनुभवापुरते बोलावयाचे तर मुख्यतः काळाची आहे. जमिनीलगतचे घड्याळ उंचावरील घड्याळापेक्षा मंद चालते, आणि सफरचंदाचे खाली येणे हा या मंदगतीचाच परिणाम होय. वाचकांनी या वाक्यापाशी क्षणभर थांबावे. कारण पुस्तकांतून हटकून भेटणारे ताणलेल्या रबरी चादरीचे चित्र नेमकी हीच गोष्ट लपवते. चादरीवर जड गोळा ठेवला की खळगा पडतो हे खरे. पण त्या खळग्याकडे गोटी घरंगळते ती चादरीखालच्या पृथ्वीच्या गुरुत्वामुळे. म्हणजे जे समजावयाचे तेच आधी गृहीत धरलेले!

ही मंदगती किती? तीस मीटर उंचीवरचे, म्हणजे द्वारकेतील एखाद्या गृहसंकुलाच्या नवव्या-दहाव्या मजल्यावरचे घड्याळ तळमजल्यावरील घड्याळाच्या पुढे जाते ते वर्षाकाठी सेकंदाच्या सुमारे एक कोटीव्या भागाने. हसण्यावारी नेण्यासारखाच हा आकडा. तथापि २०१० मध्ये अमेरिकेतील प्रयोगशाळेत अवघ्या ३३ सेंटिमीटर उंचीच्या अंतराने पडणारा फरक प्रत्यक्ष मोजला गेला आहे. आणि आपल्या भ्रमणध्वनीवर वाट दाखविणारे जे उपग्रह सुमारे २० हजार किलोमीटर उंचीवरून फिरतात, त्यांची घड्याळे दिवसाला एका सेकंदाचे ३८ दशलक्षांश पुढे जातात. ही दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात दहा किलोमीटरांहून अधिक चूक साचेल, आणि द्वारकेस निघालेला रिक्षावाला गुरुग्रामच्या हद्दीत शिरेल. सिद्धान्त असा रोजच्या भाड्याच्या हिशेबात येऊन बसला आहे.

याच मंदगतीचे टोक म्हणजे कृष्णविवर. समीकरणे प्रसिद्ध झाल्यावर काही आठवड्यांतच कार्ल श्वार्त्सशिल्ड याने गोल वस्तूच्या बाहेरील अवकाशकालाचे उत्तर काढले. १९१६ मध्ये ते छापले गेले. त्या उत्तराप्रमाणे सूर्य दाबून ३ किलोमीटर त्रिज्येत बसविला, किंवा पृथ्वी ९ मिलिमीटर त्रिज्येत, म्हणजे खेळातल्या गोटीएवढी केली, तर तिच्या पृष्ठाशी समीकरणातील एक राशी अनंत होते. तेथे निसर्गच तुटतो काय, या प्रश्नाने पुढील कित्येक वर्षे भल्याभल्यांना सतावले. वस्तुतः तुटत होती ती मोजण्याची रीत. द्वारकेच्या रहिवाशांना हे समजावयास अडचण पडू नये. मेट्रोने जाताना सेक्टर १४ मागे टाकल्यावर १३, १२, ११, १०, ९, ८ अशी स्थानके क्रमाने येतात आणि ८ नंतर एकदम २१ येते. केवळ आकड्यांवर विसंबणाऱ्याने म्हणावे की येथे रूळ तुटला असला पाहिजे! रूळ अखंड आहे. उडी मारली ती क्रमांकांनी. लमेत्र याने १९३३ मध्येच हे ओळखले होते, पण फिंकेलस्टाइन आणि क्रुस्कल यांनी १९५८ ते १९६० च्या सुमारास नवे निर्देशक मांडले तेव्हा कुठे ती सीमा म्हणजे भिंत नव्हे हे सर्वमान्य झाले. ती ओलांडणाऱ्यास तेथे काही लागत नाही, ठेचकाळत नाही. फक्त माघारी येता येत नाही.

आता रेवतीकडे वळू. चतुर्युग ४३ लाख २० हजार वर्षांचे. सत्तावीस चतुर्युगे म्हणजे ११ कोटी ६६ लाख ४० हजार वर्षे. गायन एक मुहूर्तभर, म्हणजे ४८ मिनिटे चालले असे धरू. तेव्हा ब्रह्मसभेतील घड्याळ पृथ्वीवरील घड्याळापेक्षा सुमारे १ लाख २८ हजार कोटी पटींनी मंद असले पाहिजे. आपल्या आकाशगंगेच्या मध्याशी सूर्याच्या सुमारे ४३ लाख पट वस्तुमानाचे कृष्णविवर आहे. त्याची छायाप्रतिमा मे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. ते फिरत नाही असे समजून मी हिशेब केला. इतकी मंदगती साधावयाची तर ब्रह्मसभा त्याच्या घटनाक्षितिजाच्या वर केवळ दोन सेंटिमीटरांवर, न घसरता, टांगलेली हवी. तेथे स्थिर राहणाऱ्याचे वजन पृथ्वीवरील वजनाच्या सुमारे ४,६०० कोटी कोटी पट भरेल. शिवाय क्षितिजाच्या इतक्या निकट काळाची गती उंचीच्या प्रमाणात बदलते. म्हणून रेवतीची पावले दोन सेंटिमीटरांवर आणि मस्तक दीड मीटर वर असेल तर तिच्या मस्तकाचे वय पावलांच्या पंचाहत्तर पट वेगाने वाढेल. उंच रेवतीवर हा फारच मोठा अन्याय!

हा हिशेब पुराणाची थट्टा करण्यासाठी मांडलेला नाही. पुराणकाराने कोठेही घड्याळ, अंतर किंवा वजन यांचा संबंध जोडलेला नाही, कारण त्याचा तो विषयच नव्हता. देवांचा काळ निराळा आणि मर्त्यांचा निराळा, एवढेच त्याला म्हणावयाचे होते. तो लोकभेद आहे, मार्गभेद नव्हे. सापेक्षता याच्या उलट सांगते: देव आणि मनुष्य यांना नियम एकच, कोण कोणत्या वाटेने गेला यावर त्याच्या घड्याळात किती काळ साचला हे ठरते, आणि ते किती, हे आधी वर्तविता येते. ‘किती’ हा शब्द काढून घेतला तर सापेक्षतेत काही उरत नाही. रेवतीच्या कथेतून तो काढला तरी कथेला ओरखडाही उमटत नाही. सत्तावीसाच्या जागी सत्तर चतुर्युगे घाला. तिचे दुःख तेवढेच राहील.

येथून आपण भाषेच्या प्रश्नाशी येतो, आणि माझ्या मते या विषयातील सर्वांत रसाळ भाग हाच आहे. मराठीने या शास्त्रासाठी जे शब्द घडविले त्यांपैकी काही शास्त्राला साहाय्य करतात, काही आडवे येतात. ‘गुरुत्वाकर्षण’ यातील ‘आकर्षण’ न्यूटनचे आहे; त्या शब्दातच ओढ बसली आहे, म्हणून शक्य तेथे ‘गुरुत्व’ एवढेच म्हणणे बरे. ‘सापेक्षतावाद’ या शब्दाने तर अनर्थच केला. सर्व काही सापेक्ष आहे, असे म्हणून कोणताही नैतिक प्रश्न झटकण्याची सोय त्याने सुशिक्षितांस करून दिली. वास्तविक या सिद्धान्ताचा भर सर्वांस समान असणाऱ्या गोष्टींवर आहे. प्रकाशाचा वेग त्यांपैकी एक.

याउलट ‘अवकाश’ या शब्दाइतका भाग्यवान शब्द दुसऱ्या भाषेत क्वचितच असेल. मराठीत अवकाश म्हणजे मोकळी जागा, आणि ‘लग्नाला अजून अवकाश आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा अवकाश म्हणजे वेळ. आपल्या आजीच्या बोलण्यात जागा आणि वेळ यांना एकच शब्द होता. यावरून आजीला मिन्कोव्स्की ठाऊक होता असे मी म्हणत नाही. तसे म्हटले तर वर ज्यांच्यावर टीका केली त्यांच्याच पंक्तीस मी जाऊन बसेन. पण ‘अवकाशकाल’ हा जोडशब्द मराठी कानाला परका वाटत नाही, याचे श्रेय मात्र तिला द्यावयास हरकत नाही.

आणि ‘कृष्णविवर’? १९६७-६८ च्या सुमारास व्हीलर याने इंग्रजी नाव रूढ केले, त्याचे हे भाषांतर. शब्द गोड आहे, नादमधुर आहे. कृष्ण या नावामुळे त्याला भक्तीचाही हलकासा स्पर्श झाला आहे. परंतु विवर म्हटले की बीळ आले, खड्डा आला, काठ आला आणि तळ आला. कृष्णविवराला तळ नाही. क्षितिजाच्या आत अवकाशाची एक दिशा काळाची भूमिका घेते, आणि जेथे सारी समीकरणे हात टेकतात ते ‘केंद्र’ आत शिरलेल्याच्या दृष्टीने समोरची जागा नसून पुढचा क्षण असते. उद्याचा दिवस टाळता येत नाही, तसे ते टाळता येत नाही. वर सांगितलेल्या, आपल्या आकाशगंगेच्या मध्यावरील विवरात तो क्षण क्षितिज ओलांडल्यावर फार तर ६६ सेकंदांत येतो, आणि सुटकेची धडपड करून तो लांबविता येत नाही. आता मराठीकडे पाहा. काळ म्हणजे समय, काळ म्हणजे मृत्यू, काळा म्हणजे कृष्ण. ‘काळविवर’ असा शब्द कोणी केला असता तर तिन्ही अर्थ एका उच्चारात आले असते, आणि जो अर्थ इंग्रजीला साधला नाही तो मराठीला साधला असता. रूढ शब्द आता बदलणार नाही, बदलूही नये. पण या विषयावर लिहिणाऱ्या ललित लेखकाने आपल्या भाषेने पुढे केलेला हा हात पाहिलाच नाही, याची खंत वाटते. ‘घटनाक्षितिज’ हा शब्द मात्र निर्दोष आहे. क्षितिजाला हात लावता येत नाही, ते अडवीत नाही, तरी त्यापलीकडचे दिसत नाही.

‘कृष्णविवर’ हा शब्द मराठी वाचकांच्या तोंडी बसविण्यात ज्यांचा वाटा मोठा, त्या जयंत विष्णु नारळीकरांकडे आता वळावयाचे. २० मे २०२५ रोजी ते निवर्तले. त्यांच्याविषयी लिहिताना बृहन्महाराष्ट्रातील वाचकाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी: त्यांचा पिंड घडला तो महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरात. वडील विष्णु वासुदेव नारळीकर १९३२ मध्ये बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले, आणि सामान्य सापेक्षतेचे एक केंद्रच त्यांनी गंगेकाठी उभे केले. त्यांच्याजवळ येऊन काम करणारे प्रल्हाद चुनीलाल वैद्य हे सौराष्ट्रातले, म्हणजे मूळ द्वारकेच्याच मुलखातले. प्रकाश उत्सर्जित करणाऱ्या ताऱ्याभोवतीच्या अवकाशकालाचे त्यांचे १९४३ चे उत्तर आजही जगभर त्यांच्या नावाने ओळखले जाते. पुराणांतील दाखले शोधणाऱ्या वक्त्यांना ही नावे क्वचितच ठाऊक असतात, हे नमूद करावेसे वाटते. अभिमानच हवा असेल तर तो येथे, नगद, उपलब्ध आहे.

१९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. ज. वि. ना. ही आद्याक्षरे उलटी केली की ते नाव मिळते. आपल्या नावाचा दबाव परीक्षकांवर पडू नये म्हणून नारळीकरांनी ही युक्ती योजिली होती. पुढे ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह १९७९ मध्ये आला आणि मराठी विज्ञानकथेला प्रतिष्ठा लाभली. कृष्णविवरानजीक काळ मंदावतो, या तथ्यावर त्या पहिल्या कथेचा डोलारा उभा आहे. तथ्य चोख आहे, कारण लिहिणारा त्या समीकरणांत वावरणारा होता. भाषा साधी, स्वच्छ, ओसरीवर बसून गोष्ट सांगितल्यासारखी. मराठी विज्ञानकथेची पहिली अट, म्हणजे विज्ञान खरे असणे, ही त्यांनी कायमची घालून दिली.

परंतु समीक्षकाला एवढ्यावर थांबता येत नाही. नारळीकरांची पात्रे बहुधा एकमेकांना समजावून सांगण्यासाठी जन्मास येतात. एक विचारतो, दुसरा उलगडतो. उलगडा पुरा झाला की दोघांचेही काम संपते. जेथे विज्ञानाचा घाव देहावर पडतो तेथे मात्र हा दोष जातो. ‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही कथा मोबियसच्या पट्टीच्या कल्पनेवर रचली आहे. उजव्याचे डावे होणे हे भूमितीतले कोडे क्रिकेटच्या मैदानावर येते, गोलंदाजाच्या हातात उतरते, आणि वाचकाला वक्र अवकाशाची कल्पना आपल्या मनगटात जाणवते. ही कथा मी ‘कृष्णविवर’पेक्षा वरच्या दर्जाची मानतो. नारळीकरांच्या मागून काळाच्या मंदगतीवर मराठीत लिहिणाऱ्यांनी पहिल्या अटीचे पालन बऱ्यापैकी केले, पण हा धडा घेतला नाही. अंतराळातून परतलेला प्रवासी आपल्या व भावाच्या वयाची वजाबाकी करतो, आश्चर्य पावतो, आणि कथा संपते.

वजाबाकीनंतर काय, हे पुराणकाराला अधिक कळत होते. परतलेल्या रेवतीची उंची नव्या जगाच्या दारात बसेना. ही सूचना एकट्या प्रतिभेची आहे, तिला कोणत्याही समीकरणाचा टेकू नको. मात्र पुराणकारही तेथेच थांबला. साऱ्या कथेत रेवती एक शब्द बोलत नाही. बाप विचारतो, ब्रह्मदेव हसतो, बलराम नांगर लावतो. तिच्या मैत्रिणी, तिची भाषा, तिने शिकलेली गाणी सत्तावीस चतुर्युगांपलीकडे राहिली, त्यांचे तिला काय वाटले हे कोणी विचारले नाही. मराठी विज्ञानकथेने तिला बोलते करावयास हवे होते. अचूक आकडा आणि बोलती रेवती, ही दोन्ही एका कथेत अद्याप माझ्या वाचनात आलेली नाहीत.

ही मागणी महाराष्ट्राबाहेरच्या वाचकाने करावी याला कारण आहे. तीस-चाळीस वर्षांपूर्वी सातारा किंवा अकोला सोडून दिल्लीस आलेल्या माणसाची मराठी बरीचशी त्या दिवशीच थांबलेली असते. तो सुट्टीत गावी जातो तेव्हा त्याचे शब्द तरुण मंडळींना जुने वाटतात, आणि त्यांचे त्याला उपरे. दोन घड्याळे एकत्र लावली, वेगळ्या वाटांनी नेली आणि पुन्हा शेजारी ठेवली. हे भौतिकशास्त्र नव्हे, रूपक आहे. आणि साहित्याला रूपक वर्ज्य नाही. रेवतीचा पुरावा देणाऱ्या वक्त्यात आणि लेखकात भेद असतो तो हाच, की आपण रूपक बोलत आहो हे लेखकास ठाऊक असते. त्याच दिल्लीतील मराठी मुलाला नारळीकरांचे गंगाधरपंत भेटले ते बहुधा अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात, इंग्रजी बोलताना. फेब्रुवारी २०२५ मध्ये अखिल भारतीय साहित्य संमेलन दिल्लीत भरले तेव्हा पुस्तकांच्या पेट्या भरभरून आल्या. त्यांपैकी ‘यक्षांची देणगी’ किती घरांत मुलांच्या हाती पडली असेल, हा विचार मनात येतो.

येत्या काळात हे शब्द कसाला लागणार आहेत. १४ सप्टेंबर २०१५ रोजी सूर्याच्या सुमारे ३६ आणि २९ पट वस्तुमानाच्या दोन कृष्णविवरांच्या मीलनातून उठलेली अवकाशकालाची लहर, सुमारे १.३ अब्ज वर्षांचा प्रवास करून, अमेरिकेतील दोन वेधशाळांत नोंदली गेली. तशीच, चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारण्यास केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. औंढ्याचा नागनाथ आणि मूळ द्वारकेनजीकचा नागेश्वर यांच्यात ज्योतिर्लिंगाच्या मानाविषयी जुना वाद आहे. तो वाद मिटणार नाही, आणि त्याच्याशी आपल्याला कर्तव्यही नाही. पण औंढ्याच्या देवळातून बाहेर पडलेली शेतकरी मंडळी कुतूहलाने त्या वेधशाळेच्या फाटकाशी येतील, तेव्हा तेथील फलकावर कृष्णविवर म्हणजे काय हे मराठीत लिहिलेले असावे लागेल. त्या मजकुरात ‘ओढ’ हा शब्द किती वेळा येतो आणि ‘काळ’ किती वेळा, हे मोजून पाहावयास मी जाणार आहे.